दर विभाजनाला नाहीसे होणारे प्रथिन : वुड्स होल येथील १९८२ च्या प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, वुड्स होल या गावी, १८८८ साली स्थापन झालेली सागरी जीवविज्ञान प्रयोगशाळा आहे. निरनिराळ्या विद्यापीठांतील संशोधक आणि विद्यार्थी दर उन्हाळ्यात तिथे काही आठवडे एकत्र येतात, समुद्रातून आणलेल्या ताज्या प्राण्यांवर काम करतात आणि हंगाम संपला की आपापल्या गावी परततात. जुलै १९८२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ टिम हंट तिथे शिकवीत होते आणि त्या मुक्कामात त्यांनी सी अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यांवर एक साधा प्रयोग केला. पेशीविभाजनाचा उलगडा करणे हा त्या प्रयोगाचा हेतू नव्हता. तरीही त्यातून हाती आलेल्या क्ष-किरण फिल्मवरील एका पट्ट्यामुळे, विभागण्याची वेळ पेशी कशी ठरवते, या फार जुन्या प्रश्नाची कोंडी फुटली.

एका शोधाची हकिकत म्हणून हे प्रकरण वाचनीय आहेच, पण ते इथे सविस्तर मांडण्याचे कारण वेगळे आहे. पेशीविभाजन म्हणजे काहीतरी घडवण्याची, जोडण्याची, दुप्पट करण्याची प्रक्रिया, असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. या प्रयोगाने दाखवले की पेशी विभाजनातून पुढे सरकते ती घडवलेली एक वस्तू ठरल्या क्षणी नष्ट केल्यामुळे. हा मुद्दा पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतो आणि वाचणाऱ्याच्या हातून निसटतो. तो का निसटू नये, हे दाखवण्यासाठी त्या फिल्मपर्यंत पोहोचण्याची वाट नीट पाहावी लागते.

आधी काय ठाऊक होते

प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हे सूत्र रुडॉल्फ फिरखो यांनी १८५० च्या दशकात मांडले. सॅलमँडरच्या पेशी रंगवून, गुणसूत्रे कशी जाड होतात, मधोमध कशी येतात आणि दोन बाजूंना कशी ओढली जातात, याची बारकाईने काढलेली चित्रे वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केली. महाराष्ट्रातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला ही दृश्ये परिचित असतात. कांद्याच्या कोवळ्या मुळाचे टोक कापायचे, आम्लात किंचित गरम करून मऊ करायचे, ॲसिटोकार्मिनने रंगवून काचपट्टीवर अंगठ्याने दाबायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ओळखायच्या, हे प्रात्यक्षिक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते चांगलेच आहे, पण त्या काचपट्टीवरची प्रत्येक पेशी मेलेली असते. गुणसूत्रे कुठे आहेत ते तिथे दिसते. ती तिथे याच क्षणी का आली आणि पुढच्या क्षणी पुढे जाण्याचा हुकूम त्यांना कोणी दिला, हे दिसण्याची सोय त्यात नाही.

हुकुमाचा शोध तीन निरनिराळ्या ठिकाणी सुरू होता आणि ही माणसे परस्परांपासून बरीच लांब होती. सिएटलमध्ये लेलंड हार्टवेल पावाच्या यीस्टचे असे उत्परिवर्तित प्रकार गोळा करीत होते की जे वाढीव तापमानात विभाजनाच्या एका विशिष्ट टप्प्यावर अडकून पडत. एडिंबरोमध्ये पॉल नर्स यांना दुसऱ्या एका यीस्टमध्ये असे प्रकार सापडले की जे नेहमीच्या जवळजवळ अर्ध्या आकारातच विभागत, म्हणजे घाई करत. अडकलेल्या पेशीत कोणताही भाग बिघडलेला असू शकतो, पण वेळेआधी विभागणाऱ्या पेशीत बिघाड वेळ ठरवणाऱ्या यंत्रणेतच असला पाहिजे. नर्स यांच्या या तर्काचे महत्त्व मला फार वाटते. तिसरी वाट बेडकाच्या अंडपेशींची. योशिओ मासुई यांनी १९७१ मध्ये दाखवले की संप्रेरक देऊन परिपक्व केलेल्या अंडपेशीतला थोडासा पेशीद्रव दुसऱ्या, सुप्त अंडपेशीत टोचला, तर तीही संप्रेरकाशिवाय परिपक्व होते, म्हणजे विभाजनाच्या अवस्थेत शिरते. त्या पेशीद्रवात काहीतरी होते. त्याला ‘एमपीएफ’, म्हणजे परिपक्वता घडवणारा घटक, असे नाव मिळाले, परंतु ते काय आहे हे पुढची सतरा वर्षे कोणालाही शुद्ध करून दाखवता आले नाही.

सी अर्चिनच्या बाबतीत एक कोडे आधीपासूनच पडून होते. याच वुड्स होलमध्ये एथेल ब्राउन हार्वे यांनी १९३६ मध्ये सी अर्चिनची अंडी अपकेंद्री यंत्रात फिरवून त्यांचे दोन तुकडे केले आणि केंद्रक नसलेला तुकडा रासायनिक उत्तेजनाने जागा केला, तर तोही विभागू लागतो हे दाखवले. १९६० च्या दशकात असे आढळले की नवा आरएनए तयार होणे औषधाने बंद पाडले, तरी अंड्याची सुरुवातीची विभाजने चालू राहतात; प्रथिने तयार होणे बंद पाडले, की मात्र विभाजन थांबते. याचा अर्थ असा की आईने अंड्यात भरून ठेवलेले संदेशक आरएनए पुरेसे आहेत, पण त्यांच्यावरून प्रथिने मात्र सतत, दर फेरीला नव्याने घडत राहिली पाहिजेत. आता अंडे म्हणजे साठवणीचे कोठारच. डीएनए दुप्पट करायला लागणारी विकरे, गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणारे तुर्कतंतू बांधायची सामग्री, सगळे त्यात आधीच ठेवलेले असते. मग दर फेरीला नव्याने घडवावे लागणारे प्रथिन कोणते, आणि एकदा घडवलेले पुढच्या फेरीला का पुरत नाही?

प्रयोग

हंट यांचे मूळ काम प्रथिननिर्मितीच्या नियंत्रणावर होते. केंब्रिजमध्ये ते सशाच्या अपक्व लाल रक्तपेशींच्या अर्कात प्रथिने कशी घडतात याचा अभ्यास करत. फलन होताच सी अर्चिनच्या अंड्यात प्रथिननिर्मिती एकदम वाढते, ती कशामुळे, हा त्यांचा वुड्स होलमधला प्रश्न होता. शुक्रपेशीने फलित झालेले अंडे आणि शुक्रपेशीशिवाय केवळ रसायनाने जागे केलेले अंडे यांत घडणाऱ्या प्रथिनांची तुलना करावी, एवढीच त्या उन्हाळ्यातील कल्पना होती.

निवडलेला प्राणी होता आर्बेशिया पंक्ट्युलाटा, जांभळट सी अर्चिन. त्याच्या शरीरपोकळीत पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण टोचले की तो आपली जननद्रव्ये सोडतो. मादी समुद्राचे पाणी भरलेल्या चंचुपात्रावर पालथी ठेवली की वरच्या बाजूच्या रंध्रांतून तांबूस अंड्यांच्या धारा पाण्यात उतरतात आणि तळाशी त्यांचा पातळ थर जमतो. प्रत्येक अंडे सुमारे ७५ मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे एका मिलिमीटरात तेरा-चौदा मावतील एवढे. नराचे पांढरे शुक्रद्रव्य पातळ करून त्यात मिसळले की एक-दोन मिनिटांतच प्रत्येक अंड्याभोवती एक पारदर्शक आवरण फुगून वर उचलले जाते आणि फलन झाल्याची खूण पटते. यानंतरची गोष्ट या प्रयोगासाठी सर्वांत मोलाची आहे : लाखो अंडी एकाच क्षणी सुरू झालेली असल्यामुळे ती जवळजवळ एकाच वेळी दोनाची, मग एकाच वेळी चाराची होतात. कांद्याच्या मुळात प्रत्येक पेशी आपापल्या वेळी विभागत असते, त्यामुळे तिथून हजारो पेशी घेऊन त्यांची रासायनिक तपासणी केली, तर सगळ्या अवस्थांची सरमिसळ हाती येते. इथे पात्रातली लाखो अंडी मिळून एकाच पेशीसारखी वागतात. एका पेशीत मोजता येणार नाही इतके अल्प प्रथिन लाखो समकालीन पेशींत मोजता येते.

फलनानंतर लगेच पाण्यात किरणोत्सारी गंधक असलेले मेथिओनिन हे अमिनो आम्ल घातले गेले. त्यानंतर घडणाऱ्या प्रत्येक नव्या प्रथिनात ते बसणार आणि त्या प्रथिनावर खूण उमटणार. ठरावीक मिनिटांनी थोडी थोडी अंडी काढून त्यांतली प्रक्रिया तिथेच थांबवायची, त्यांतली प्रथिने विरघळवून जेलच्या पातळ पत्र्यात विजेच्या दाबाने आकारानुसार वेगळी करायची, जेल वाळवून त्यावर क्ष-किरण फिल्म ठेवायची, असा क्रम होता. फिल्म धुतली की प्रत्येक नमुन्याची एक उभी रांग आणि रांगेत प्रत्येक प्रथिनाचा एक आडवा काळा पट्टा दिसतो. जोडीला प्रत्येक वेळी किती अंडी दुभंगली आहेत, याची सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी केली जात होती. ही मोजणी नसती, तर फिल्मवरील वेळ आणि पेशीतली घटना यांचा सांधा जुळलाच नसता.

फिल्म काय सांगते आणि काय नाकारते

किरणोत्सारी अमिनो आम्ल पाण्यात सतत उपलब्ध होते. त्यामुळे घडत राहणाऱ्या प्रथिनाचा पट्टा रांगेगणिक अधिकाधिक काळा होत जाणार. फार तर निर्मिती थांबली, तर तो आहे तेवढाच राहणार. त्या फिल्मवर बहुतेक सगळे पट्टे याच अपेक्षेप्रमाणे गडद होत गेलेले होते. एक पट्टा मात्र सुरुवातीला सर्वांत ठळक असूनही, अंडी पहिल्यांदा दुभंगण्याच्या सुमारास फिकट झाला, जवळजवळ नाहीसा झाला आणि नंतर पुन्हा उमटू लागला. पुढच्या विभाजनाला पुन्हा तेच घडले.

या निरीक्षणाची ताकद त्याच्या साधेपणात आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवे. पट्टा फिकट होण्याचे एक कारण असे असू शकले असते की त्या नमुन्यात अंडीच कमी आली. पण मग त्याच रांगेतले बाकीचे पट्टेही फिकट झाले असते आणि ते तर गडद होत होते. म्हणजे प्रत्येक रांगेने आपली साक्ष आपणच दिली होती. दुसरी शक्यता अशी की त्या प्रथिनाची निर्मिती थांबली. पण निर्मिती थांबल्याने खूण लागलेले आधीचे प्रथिन कुठे जात नाही. सतत खूण लावली जात असताना खुणेचा पट्टा कमी व्हायचा, तर आधी घडलेले प्रथिन मोडले गेले पाहिजे, तेही काही मिनिटांत, आणि शेजारची शेकडो प्रथिने जशीच्या तशी राहत असताना फक्त तेच. कोठारातल्या एकाच वस्तूची एवढी नेमकी, एवढी वेळबद्ध विल्हेवाट ही त्या काळच्या जीवरसायनशास्त्राला अनपेक्षित होती. प्रथिनांचे विघटन म्हणजे पेशीतली साफसफाई, त्यात विशेष पाहण्यासारखे काही नाही, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

हा निष्कर्ष निघाला तो तुलनेसाठी ठेवलेल्या, नेहमीच्या पद्धतीने फलित केलेल्या अंड्यांमधून, हेही नोंदवण्यासारखे आहे. प्रयोगाचा मूळ प्रश्न ज्या अंड्यांविषयी होता, ती बाजूलाच राहिली.

त्याच सुमारास वुड्स होलमध्ये बेडकाच्या अंड्यांवर काम करणारे जॉन गेरहार्ट आले होते. एमपीएफची क्रियाशीलता विभाजनापूर्वी वाढते, विभाजनानंतर लोप पावते आणि पुन्हा वाढण्यासाठी नवी प्रथिननिर्मिती लागते, असे त्यांच्या कामातून पुढे आले होते. हंट यांच्याशी त्यांचे बोलणे झाले आणि दोन प्राण्यांतल्या दोन चढउतारांचे साम्य हंट यांच्या लक्षात आले. साम्य म्हणजे पुरावा नव्हे. परंतु आपण पाहिलेला पट्टा हा एखाद्या किरकोळ प्रथिनाचा नाही, याची खात्री त्यांना तिथून वाटू लागली. इव्हान्स, रोझेन्थाल, यंगब्लम, डिस्टेल आणि हंट यांचा शोधनिबंध १९८३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सी अर्चिनच्या आणखी एका जातीत आणि एका सागरी शिंपल्याच्या अंडपेशींतही अशीच प्रथिने आढळल्याचे त्यात नोंदवले होते आणि त्यांना ‘सायक्लिन’ म्हणावे असे सुचवले होते.

संशयापासून सिद्धतेपर्यंत

निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा सायक्लिन विभाजनाचे कारण आहे की विभाजनाचा परिणाम, हे कोणालाच सांगता आले नसते. विभाजनाबरोबर येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट विभाजन घडवतेच असे नाही. १९८६ मध्ये जोन रुडरमन यांच्या गटाने शिंपल्यातील सायक्लिनचा संदेशक आरएनए बेडकाच्या सुप्त अंडपेशीत टोचला आणि ती अंडपेशी जागी झाली, म्हणजे मासुईंच्या पेशीद्रवाने जे केले होते तेच एका प्रथिनाच्या संदेशाने केले. १९८८ मध्ये लोहका, हेज आणि मॅलर यांनी एमपीएफ अखेर शुद्ध केले. त्यात दोन प्रथिने निघाली. त्यांतले लहान प्रथिन नर्स यांनी यीस्टमध्ये शोधलेल्या सीडीसी-२ या जनुकाच्या प्रथिनाचा बेडकातला भाऊबंद होता आणि मोठे प्रथिन सायक्लिन होते. त्याआधी एकच वर्ष, मेलनी ली आणि नर्स यांनी माणसाचे जनुक यीस्टच्या अडकलेल्या पेशीत घालून ती पेशी पुन्हा विभागू लागते हे दाखवले होते. यीस्ट, शिंपला, सी अर्चिन, बेडूक आणि माणूस यांच्या वंशवाटा शंभर कोटींच्या आसपास वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असूनही विभाजनाची यंत्रणा तीच राहिली आहे. जीवशास्त्रात एवढी व्यापक एकवाक्यता क्वचितच पाहायला मिळते आणि ती पाहताना आजही मन भरून येते.

यंत्रणेचा आशय असा. सीडीसी-२ हे विकर आहे; इतर प्रथिनांना फॉस्फेटचा गट जोडणे हे त्याचे काम. ते पेशीत सतत हजर असते, पण एकटे असताना निष्क्रिय असते. सायक्लिन साठत जाऊन त्याला चिकटते आणि इतर काही नियंत्रणे दूर झाली की ते क्रियाशील होते. मग केंद्रकाचे आवरण विरघळते, गुणसूत्रे आवळली जातात, तुर्कतंतू उभे राहतात. सायक्लिन हे या विकराची चावी आहे, ही उपमा सर्रास वापरली जाते. मला ती अपुरी वाटते, कारण चावी कुलपातून काढून पुन्हा वापरता येते. इथे ती दर वेळी मोडून टाकली जाते.

सर्वांत निर्णायक प्रयोग १९८९ मध्ये अँड्र्यू मरे आणि मार्क किर्शनर यांनी केला. त्यांनी बेडकाच्या अंड्यांचा अर्क घेतला, म्हणजे त्यात अखंड पेशी एकही नव्हती. त्यात शुक्रपेशींची केंद्रके टाकली की ती केंद्रके आळीपाळीने विभाजनाच्या अवस्थेत जात आणि बाहेर येत. मग त्यांनी त्या अर्कातले सगळे संदेशक आरएनए एका विकराने मोडून टाकले. अर्क स्तब्ध झाला. ते विकर निष्प्रभ करून त्यांनी एकाच गोष्टीचा संदेश परत घातला, सी अर्चिनच्या सायक्लिनचा, आणि फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. दर फेरीला नव्याने घडवावे लागणारे प्रथिन कोणते, या जुन्या कोड्याचे उत्तर मिळाले : सायक्लिन एकटे पुरेसे आहे. याच्याच जोडीच्या प्रयोगात सायक्लिनच्या सुरुवातीची सुमारे ९० अमिनो आम्ले कापून टाकली. हे तोकडे सायक्लिन विकराला चिकटत होते, विभाजन सुरू करत होते, पण मोडता येत नव्हते. अर्क विभाजनाच्या अवस्थेत शिरला आणि तिथेच अडकला. विभाजनात शिरायला सायक्लिन लागते आणि विभाजनातून बाहेर पडायला त्याचा नाश लागतो, हे एवढ्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणत्याही प्रयोगाने दाखवलेले माझ्या वाचनात नाही.

मोडण्याचा क्षण कोण ठरवतो

सायक्लिनवर युबिक्विटिन या लहान प्रथिनाची साखळी चढवली जाते आणि साखळी चढलेले प्रथिन पेशीतले विघटनयंत्र गिळून टाकते, हे १९९१ मध्ये स्पष्ट झाले. युबिक्विटिनची ही पद्धत शोधून काढल्याबद्दल २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अव्राम हर्श्को, आरॉन चेकॅनोव्हर आणि अर्विन रोझ यांना मिळाले. हार्टवेल, नर्स आणि हंट यांना वैद्यकाचे नोबेल २००१ मध्ये मिळाले होते. साखळी चढवणारे मोठे प्रथिनसंकुल १९९५ मध्ये हाती आले. हे संकुल त्याच वेळी आणखी एका प्रथिनाचा नाश घडवते. जुळ्या गुणसूत्रांना एकत्र बांधून ठेवणारी प्रथिनांची कडी असते; ती कापणारे विकर एका पहारेकरी प्रथिनाने रोखून धरलेले असते; पहारेकरी नष्ट झाला की विकर मोकळे होते, कडी कापली जाते आणि गुणसूत्रे दोन ध्रुवांकडे निघतात. गुणसूत्रे विलग होणे आणि पेशीने विभाजनातून बाहेर पडणे, या दोन घटना एकाच हुकुमाने होतात.

विल्हेवाटीची ही पद्धत उत्क्रांतीत का टिकली असावी, याचे एक कारण मला पटते. फॉस्फेट जोडणे ही क्रिया उलटवता येते. जोडलेला गट काढता येतो. मोडलेले प्रथिन मात्र परत जुळवता येत नाही, ते मुळापासून घडवावे लागते आणि त्याला वेळ लागतो. गुणसूत्रे निम्मी-निम्मी ओढली गेल्यावर पेशीने माघार घेतली, तर त्याचा परिणाम घातक होईल. ज्या पायरीवर माघार परवडणारी नाही, नेमकी तीच पायरी नाशाच्या हवाली केलेली आहे.

म्हणूनच हा हुकूम सुटण्यापूर्वी कसून तपासणी होते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, प्रत्येकाच्या दोन प्रती. म्हणजे तुर्कतंतूंना जोडून घेण्याची ९२ ठिकाणे. त्यांतले एक जरी ठिकाण मोकळे असेल, तरी ते थांबा असा रासायनिक संकेत देत राहते आणि सायक्लिनचा नाश रोखून धरते. १९९५ मध्ये रीडर आणि सहकाऱ्यांनी रॅट-कांगारू या प्राण्याच्या सपाट, पाहायला सोप्या पेशींत न जोडलेले शेवटचे ठिकाण लेझरच्या सूक्ष्म किरणाने जाळून टाकले. गुणसूत्र जोडले गेलेले नव्हतेच, फक्त तक्रार करणारी जागा नाहीशी झाली होती, आणि थोड्याच वेळात पेशी पश्चावस्थेत गेली. थांबवणारा संकेत त्या एका जागेतूनच येत होता, याची यापेक्षा थेट साक्ष कोणती असेल?

पेशी विभागतातच का

सी अर्चिनच्या अंड्यापुरते उत्तर सोपे आहे. ते अंडे मोठे आहे, त्यात सगळे भरलेले आहे आणि आकार न वाढवता त्याला लवकरात लवकर पुष्कळ पेशींचे व्हायचे आहे. म्हणून सुरुवातीच्या फेऱ्या झपाट्याने, जवळजवळ घड्याळाच्या तालावर होतात. प्रौढ माणसाच्या शरीरातली पेशी अशी आपल्या तालावर विभागत नाही. आपल्या शरीरात रोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी नव्याने घडतात असा अंदाज आहे. त्यांत रक्ताच्या पेशींचा वाटा सर्वांत मोठा, त्यानंतर आतड्याच्या अस्तराचा. उलट चेतापेशी आणि हृदयाच्या स्नायूपेशी बहुतेक विभागतच नाहीत. फरक आहे तो परवानगीचा. शेजारच्या पेशींकडून आणि रक्तातून वाढीचे संकेत आले, तरच पेशी सायक्लिन-डी हे सायक्लिनच्या कुळातले वेगळे प्रथिन घडवते. तेही झपाट्याने मोडले जाते, त्यामुळे संकेत थांबला की थोड्याच वेळात ते संपते आणि पेशी मुकाट्याने थांबते. इथे नाश घड्याळ चालवत नाही. परवानगी सतत नव्याने मागायला तो पेशीला भाग पाडतो.

कर्करोगात बिघडते ती बरेचदा हीच परवानगी. स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांत सायक्लिन-डी अतिरिक्त प्रमाणात आढळते. सायक्लिन-डीच्या जोडीदार विकरांना रोखणारे पाल्बोसायक्लिब हे औषध अमेरिकेत २०१५ मध्ये संप्रेरकसंवेदी स्तनकर्करोगासाठी मान्य झाले. हंट यांच्या फिल्मपासून रुग्णाच्या गोळीपर्यंत ३३ वर्षे लागली, आणि सुरुवातीचे बरेच टप्पे यीस्ट, बेडूक आणि शिंपले यांवर पार पडले, हे संशोधनाच्या निधीचे निर्णय घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

विभाजनाच्या दुसऱ्या टोकावर, म्हणजे तुर्कतंतूंवर, घाव घालणारी औषधे त्याहून जुनी आहेत आणि त्यांतले एक आपल्या अंगणातल्या झाडाचे आहे. सदाफुली मूळची मादागास्करची, पण महाराष्ट्र-गोव्यात कुंपणाकडेला, देवळाच्या आवारात, कुंडीत, कुठेही फुलते. तिच्या पानांतून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन १९६३ पासून अमेरिकेत अधिकृत वापरात आले आणि मुलांच्या रक्तकर्करोगावरील उपचारांत ते आजही मुख्य औषधांपैकी एक आहे. पानांत त्याचे प्रमाण अत्यल्प असते आणि औषधाची मात्रा जराही चुकली तर मज्जातंतूंना इजा होते. म्हणून पाने चघळणे हा त्याला पर्याय नाही, एवढे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. पावसाळ्यात आपल्या रानांत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदांत आणि बियांत असणारे कोल्चिसिनही त्याच जागी घाव घालते आणि ते तर जीवघेणे विष आहे.

व्हिन्क्रिस्टिन तुर्कतंतू उभे राहू देत नाही. त्यामुळे गुणसूत्रे जोडली जात नाहीत, थांबण्याचा संकेत चालू राहतो, सायक्लिन-बी, म्हणजे विभाजन घडवणारे सायक्लिन, मोडले जात नाही आणि पेशी मध्यावस्थेच्या दारात तासन्‌तास अडकून राहते. बरेच दिवस असे समजले जाई की अडकलेली पेशी आपोआप मरते. जिवंत पेशींचे सलग चित्रण होऊ लागल्यावर दिसले की तसे ठरलेले नाही. थांबण्याचा संकेत चालू असतानाही सायक्लिन-बी अगदी संथपणे, थोडे थोडे मोडत राहते. दुसरीकडे पेशीच्या मृत्यूकडे नेणारे संकेत साठत जातात. सायक्लिन-बी एका ठरावीक पातळीखाली आधी गेले, तर पेशी न विभागताच विभाजनातून बाहेर निसटते, दुप्पट गुणसूत्रे घेऊन, आणि तिच्यापुरता उपचार वाया जाऊ शकतो. मृत्यूचे संकेत आधी पुरेसे झाले, तर ती मरते. एकाच पेशीपासून झालेल्या दोन भगिनी पेशींपैकीही, तेच औषध तेवढ्याच मात्रेत मिळाले असता, एक मरते आणि दुसरी निसटते असे दिसून आले आहे, आणि सायक्लिन-बीच्या या संथ गळतीचा वेग कमी करता आला, तर निसटणाऱ्या पेशी किती उरतील, हा प्रश्न सध्या प्रयोगशाळांमध्ये तपासला जात आहे.